राक्षस नेमका कधी ठरतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अद्भुतपटांविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास असते: जुन्या बाहुल्यांत जीव होता, आताचे संगणकावरचे राक्षस निर्जीव वाटतात. वाचकांच्या पत्रांतही हाच सूर लागतो. प्रेक्षकाला जे जाणवते ते खरेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचे जे कारण सांगितले जाते ते चुकते आणि त्यापायी दोन्हीकडच्या कारागिरांवर अन्याय होतो. रबराला जीव नसतो आणि पिक्सेललाही नसतो. त्या प्राण्याची उंची किती, वजन किती, तो कुठे बघतो, त्याच्या अंगावर उजेड कुठून पडतो, हे चित्रीकरणाआधी ठरले होते की नंतर, यावर पडद्यावरचा बराचसा परिणाम अवलंबून असतो. बाहुली कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष उभी असल्यामुळे तिच्याबाबत हे सगळे आधीच ठरवावे लागते. संगणकात ते पुढे ढकलता येते. हा फरक समजायचा तर दोन्ही कामे कशी चालतात ते नीट पाहायला हवे.

बाहुलीची सुरुवात मातीच्या शिल्पापासून होते. त्यावरून प्लास्टरचा किंवा फायबरग्लासचा साचा घेतात, आत वेगळा गाभा बसवतात आणि साचा व गाभा यांच्यामधल्या फटीत कातडीचे मिश्रण ओततात. १९८०च्या दशकातल्या बहुतेक प्राण्यांची कातडी फोम लेटेक्सची असे. द्रवरूप लेटेक्समध्ये फेस आणणारे द्रावण आणि गंधकयुक्त पक्वकारक घालून ते मिक्सरमध्ये भरपूर फेटतात, मग वेग कमी करून मोठे बुडबुडे मोडतात आणि अगदी शेवटी गोठवणारे द्रावण घालतात. त्यानंतर हातात मोजकी मिनिटे उरतात. खोली गरम असेल तर साचा भरण्याआधीच फेस गोठतो आणि नाकाच्या शेंड्याला, बोटांच्या टोकांना पोकळ्या राहतात. गोठायला उशीर झाला तर बुडबुडे फुटतात आणि हलक्या कातडीऐवजी घट्ट रबर हाती येते. पुढे साचा भट्टीत साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला काही तास भाजायचा. खरे कौशल्य जाडीत असते. ओठांच्या कडेला कातडी जाड राहिली तर आतली मोटर ती ओढू शकत नाही. पातळ राहिली तर काही टेकनंतर नेमकी ओठांच्या कोपऱ्यात फाटते.

फोम हा शेवटी स्पंज आहे, हेही विसरून चालत नाही. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये सुमारे ४ टनांचा यांत्रिक टिरॅनोसॉरस पावसात उभा केला होता. त्याच्या कातडीने पाणी शोषले, वजन वाढले, आधीच्या वजनाला जुळवलेली यंत्रणा डगमगू लागली आणि ते प्रचंड जनावर थरथरायला लागले. दोन टेकच्या मध्ये टॉवेलने पुसून त्याला कोरडे करावे लागे. नंतर आलेल्या सिलिकॉनमध्ये उजेड थोडा आत शिरतो, त्यामुळे कातडी जास्त खरी दिसते. पण ते जड असते, आणि शिल्पासाठी वापरलेल्या मातीत गंधक असेल तर प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन तिला लागून असलेल्या थरात चिकटच राहते, पक्के होत नाही. आठवड्यांचे शिल्प अशा एका चुकीने वाया जाते.

आता चालवण्याकडे वळू. हाताने चालणाऱ्या बाहुलीत चार बोटे वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या जबड्यात असतो. बोलताना अंगठा खाली न्यायचा असतो. नवशिका चारही बोटे वर उचलतो, मग प्रत्येक अक्षराला डोके मागे झुकते आणि बाहुली छताकडे बघत बोलते. चालवणारा स्वतः खाली दडलेला असल्यामुळे त्याला बाहुली दिसत नाही. तो मॉनिटरवर कॅमेऱ्याचे चित्र बघतो. ते आरशासारखे उलटे नसते, म्हणून उजवीकडे जायचे तर हात कुठे न्यायचा, हे अंगवळणी पडायला बराच सराव लागतो. डोळ्यांची बुबुळे किंचित आत वळवून बसवतात, कारण ती अगदी समांतर असली तर बाहुली समोरच्याकडे न बघता पलीकडे शून्यात बघते. पापण्या, भुवया, नाकपुड्या हलवायला सायकलच्या ब्रेकला असते तशी केबल लागते. ती जितकी लांब आणि तिला जितकी वळणे जास्त, तितके घर्षण जास्त आणि हालचाल तितकी उशिरा पोचते. वापरून केबल ताणली गेली की पापणी पूर्ण मिटेनाशी होते आणि प्राणी झोपाळलेला दिसतो, म्हणून ताण वारंवार तपासून घट्ट करावा लागतो. रेडिओवर चालणाऱ्या सर्व्हो मोटरने केबल टळते, पण त्या घरघरतात. मग संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यावाचून गत्यंतर नसते.

जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांच्या ‘द डार्क क्रिस्टल’मध्ये (१९८२) पडद्यावर एकही मानवी पात्र नाही. त्यातल्या स्केक्सिस या गिधाडासारख्या प्राण्यांत मुख्य कलाकार एक हात वर करून डोके चालवी, त्याच्या छातीवर छोटा मॉनिटर बांधलेला असे, आणि डोळे व इतर बारकावे केबलच्या टोकाला बसलेले सहकारी सांभाळत. सेट जमिनीपासून उंच उचलून बांधले होते आणि फरशीचे तुकडे काढता येत होते, म्हणजे चालवणाऱ्यांना खाली उभे राहता यावे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. फरशीचा कोणता तुकडा काढायचा, हे ठरले की प्राणी कुठून कुठे जाणार ते ठरले. ते ठरले की कॅमेऱ्याची उंची आणि कोन ठरला. तो ठरला की दिवे कुठे लावायचे तेही ठरले. या सगळ्याचे सुतारकाम आधी पूर्ण व्हायचे. दिग्दर्शकाला आयत्या वेळी ‘आता हा मागच्या दाराने येऊ दे’ असे म्हणायची सोयच नव्हती. ‘लॅबिरिंथ’मधल्या (१९८६) हॉगलच्या आत एक कलाकार होती आणि चेहऱ्यातल्या १८ मोटर बाहेर उभे असलेले चौघे रेडिओवरून चालवत. पाच जणांनी मिळून एकच भाव दाखवायचा, तर तो कोणता, हे आधी एकमेकांत बोलून तालीम करावी लागते. पात्राचा स्वभाव तिथे, त्या तालमीत पक्का होतो. प्रेक्षक ज्याला जीव म्हणतात तो मला वाटते हाच: पाच माणसांचे आधीच झालेले एकमत.

पण बाहुलीच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. तिला चालता येत नाही. कमरेखालचा भाग दाखवायचा म्हटले की चालवणारा दिसतो, म्हणून या चित्रपटांत कुंपणे, झुडपे, टेबले आणि कठडे इतके असतात. ‘द डार्क क्रिस्टल’मध्ये नायक-नायिका दुरून चालताना दिसतात तेव्हा वेशभूषा केलेले लहान चणीचे कलाकार असतात. त्यातल्या गार्थिम या कवचधारी प्राण्यांचे पोशाख इतके जड होते की आतल्या माणसांना टेकच्या मध्ये पोशाखासकट मांडणीवर टांगून विश्रांती द्यावी लागे. शिवाय चेहरा माणसाच्या जितका जवळ जातो, तितकी बाहुली कमी पडते. स्केक्सिसच्या चोचीवरचा लोभ आजही अंगावर येतो, पण नायक जेनचा गुळगुळीत चेहरा कितीही उत्तम चालवला तरी त्यात दुःख आणि आश्चर्य जवळजवळ सारखेच दिसते. माणसाच्या गालाखाली अनेक स्नायू एकाच वेळी ओढाताण करत असतात. रबराखाली चार केबल बसवून ती गुंतागुंत येत नाही. जुन्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

फ्रेमगणिक (चित्रपटाच्या एकेका स्थिर चित्रागणिक) थोड्याथोड्या हलवलेल्या बाहुल्यांची, म्हणजे स्टॉप मोशनची, गोष्ट वेगळी. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये वानराच्या अंगावरचे केस सतत वळवळतात. तो वारा नव्हे. दोन फ्रेमच्या मध्ये बाहुली हलवणाऱ्याची बोटे केसांवर पडत, त्यांचे ते ठसे आहेत. रे हॅरीहाऊसेन यांनी ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’साठी (१९६३) हाडांच्या सात सापळ्यांची तीन नटांशी तलवारबाजी घडवली. प्रत्येक सापळ्याचे डोके, दोन हात आणि दोन पाय मिळून ५ अवयव, म्हणजे एका फ्रेमसाठी ३५ हालचाली. दिवसाला सरासरी १३ फ्रेम, म्हणजे पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद. त्या एका प्रसंगाला साडेचार महिन्यांहून जास्त काळ गेला. आणि इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. ते नट प्रत्यक्षात हवेत तलवार चालवत होते. आधी खऱ्या माणसांबरोबर मोजून मापून तालीम झाली, मग ती माणसे बाजूला काढून तेच हातवारे कॅमेऱ्यासमोर पुन्हा केले. हिरव्या पडद्यासमोर रिकाम्या जागेकडे बघून अभिनय करावा लागतो ही आजच्या नटांची तक्रार रास्त आहे, पण ती संगणकाने निर्माण केलेली नाही. १९६३मध्ये तलवार किती उंचीवर अडणार हे आधी ठरले होते, म्हणून नजर चुकली नाही.

स्टॉप मोशनचा झटके खाल्ल्यासारखा भास का होतो, तेही सांगतो. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रण करताना नेहमीच्या शटरला प्रत्येक फ्रेमला साधारण १/४८ सेकंद उजेड मिळतो. तेवढ्या वेळात हलणारा हात किंचित पुसट होतो आणि डोळा तो पुसटपणा गती म्हणून वाचतो. स्टॉप मोशनमध्ये बाहुली त्या क्षणी स्थिर असल्याने प्रत्येक फ्रेम लख्ख येते. १९८१च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये फिल टिपेट आणि सहकाऱ्यांनी बाहुलीला मोटरवर चालणाऱ्या दांड्या जोडून शटर उघडे असतानाच ती हलवली. त्या तंत्राला गो-मोशन म्हणतात. त्यातला ड्रॅगन आजही भारदस्त वाटतो.

भारदस्तपणाचे एक साधे गणित आहे. जितके मोठे, तितके सावकाश. छोटी प्रतिकृती मोठी भासवायची तर प्रमाणाच्या वर्गमुळाइतक्या पटीने जलद चित्रण करतात. १:४ची प्रतिकृती सेकंदाला ४८ फ्रेमने, १:१६ची ९६ फ्रेमने. नंतर ती नेहमीच्या २४ फ्रेमने दाखवली की कोसळणारी भिंत खऱ्या भिंतीइतक्या वेळात कोसळते. पाणी आणि आग या नियमाला पुरत्या जुमानत नाहीत. थेंब लहान करता येत नाही, ज्वाळेची टोकेही तशीच राहतात, म्हणून छोट्या प्रतिकृतीतला पूर बादलीतला वाटतो. हाच नियम संगणकातल्या राक्षसालाही लागू आहे. माणसाच्या चौपट उंचीचा प्राणी माणसापेक्षा निम्म्या लयीत पावले टाकेल. तो धावला, उड्या मारू लागला, हवेत तीन कोलांट्या घेतल्या की वजन गेलेच. दृश्य लांबले आहे, गती वाढवा, अशी सूचना संकलनाच्या टेबलावरून आली की नेमके हेच घडते. बाहुलीच्या सांगाड्याला ती सूचना पाळताच आली नसती.

संगणकी प्राण्याचे काम चांगले व्हायला सेटवरच काय करावे लागते, ते फारसे कुणी सांगत नाही. प्राण्याच्या जागी योग्य उंचीवर डोळ्यांची खूण केलेली काठी किंवा खरा माणूस उभा करतात. त्याच प्रकाशात एक करडा आणि एक चकचकीत गोळा धरून त्यांचे चित्रण करतात. करड्यावरून उजेडाचा मऊपणा कळतो आणि चकचकीत गोळ्यात प्रत्येक दिव्याची जागा दिसते. शिवाय वेगवेगळ्या उजेडाची छायाचित्रे जोडून आसपासच्या प्रकाशाचा संपूर्ण गोल नकाशा घेतात. कॅमेऱ्याची उंची, लेन्स, झुकाव लिहून ठेवतात. पुढे संगणकात तोच कॅमेरा पुन्हा उभारतात, सांगाडा, स्नायू, कातडी, केस असे थर बसवतात, मग रेंडर (म्हणजे प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र संगणकाकडून काढून घेणे) आणि शेवटी सगळे थर एकत्र जुळवणे. एका मिनिटाच्या १,४४० फ्रेम. समजा एका फ्रेमला १० तास लागले, तर ते १४,४०० यंत्रतास झाले. घाईत गोळ्याचे चित्रण राहिले तर पुढचा माणूस उजेड अंदाजाने लावतो आणि प्राणी चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी संगणक नापास झाला असे म्हटले जाते. चुकलेली असते सेटवरची दोन मिनिटे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतल्या ‘द टू टॉवर्स’मधला (२००२) गोलम हा संगणकी प्राणी का टिकला? त्याची भूमिका करणारा नट अँडी सर्किस सेटवर प्रत्यक्ष होता. तेच शॉट त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय चित्रित झाले, त्यामुळे समोरच्या नटांची नजर, अंतर, धक्का सगळे खरे होते. शरीराच्या हालचाली पुष्कळदा मोशन कॅप्चरने (नटाच्या हालचाली थेट संगणकात नोंदवून) घेतल्या, पण चेहरा त्याच्या अभिनयाकडे बघत चलनकारांनी (ॲनिमेटरांनी) हाताने घडवला. कातडीत शिरून पसरणाऱ्या उजेडाचे गणित वापरल्याने तो मेणासारखा दिसला नाही. म्हणजे पद्धत नवी असली तरी शिस्त बाहुलीकारांचीच होती. त्याच मालिकेत मिनास तिरिथ हे शहर १:७२ प्रमाणात खरोखर बांधले होते. या मालिकेचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्याच ‘द हॉबिट’च्या पहिल्या भागात (२०१२) अझोग या खलनायकाची आधीची रूपे रबरी मुखवटा चढवलेल्या नटांसह चित्रित झाली, ती बाजूला ठेवून ते पात्र नंतर संगणकात नव्याने उभे केले गेले. तोच कारखाना, तेच कुशल हात. बदलली ती ठरवण्याची वेळ. शिवाय तो चित्रपट सेकंदाला ४८ फ्रेमने चित्रित झाला होता, त्यामुळे २४ फ्रेमच्या पुसटपणात लपणारी रंगभूषा आणि रंगवलेला सेटही उघडा पडला.

दोन्ही पद्धती एकाच जागी तपासायच्या तर एक उदाहरण उपलब्ध आहे. ‘स्टार वॉर्स’मधला योडा १९८०मध्ये स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी घडवलेली आणि फ्रँक ऑझ यांनी चालवलेली बाहुली होता. १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्येही बाहुलीच होती, २०११च्या ब्लू-रे आवृत्तीत तिच्या जागी संगणकी योडा बसवला. दृश्य तेच, नट तेच, संवाद तेच. माझ्या मते १९९९ची बाहुली फिकी होती आणि संगणकी रूप काही ठिकाणी तिच्याहून सरस आहे. १९८०च्या बाहुलीला मात्र दोघेही गाठत नाहीत. तिथे अंधूक दलदल, खालून येणारा उजेड, धुके आणि ती बाहुली ही सगळी एकमेकांसाठी आखलेली होती. केवळ बाहुली आहे म्हणून दृश्य तरत नाही, एवढे यातून नक्की दिसते.

पुढे ढकललेल्या निर्णयांची किंमत कुणीतरी मोजतेच. ही कामे पुष्कळदा ठरावीक रकमेच्या बोलीवर दिली जातात आणि बदल मात्र शेवटपर्यंत येत राहतात. ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने फेब्रुवारी २०१३मध्ये, पुरस्काराच्या काही दिवस आधी, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तो वाघ पाहून कुणी निर्जीव म्हटले नाही. त्या माणसांना आळशी किंवा यांत्रिक म्हणणारे मथळे वाचले की वाईट वाटते.

आता पुन्हा आधी ठरवण्याकडे कल दिसतो. २०१९च्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेत पार्श्वभूमी प्रचंड एलईडी भिंतीवर दाखवून तिच्याच उजेडात चित्रीकरण झाले आणि त्यातले छोटे पात्र मुख्यतः बाहुली होते. भिंतीवर दाखवायचे चित्र चित्रीकरणाच्या दिवशी तयार हवे, म्हणून सेटच्या सुतारकामासारखीच इथेही आधी आखणी करावी लागते. त्याच वर्षी आलेल्या ‘द डार्क क्रिस्टल: एज ऑफ रेझिस्टन्स’च्या दहा भागांत बाहुल्या हातानेच चालवल्या. चालवणारे जिथे दिसत तिथे संगणकाने पुसले आणि दूरचे आकाश-डोंगर संगणकात वाढवले. त्यामुळे कुंपणामागे दडण्याची जुनी सक्ती गेली. मला हा मेळ सर्वांत आशादायक वाटतो.

आपल्या परीक्षकांना काही विनंत्या आहेत. सेटवर प्रत्यक्ष घडवलेले ते स्पेशल इफेक्ट्स आणि नंतर जोडलेले ते व्हिज्युअल इफेक्ट्स. श्रेयनामावलीतही ती वेगळी असतात, तर छापतानाही वेगळी असावीत. ‘कळसूत्री’ हा शब्द दोऱ्यांवर चालणाऱ्या बाहुलीसाठी राखावा. वर सांगितलेल्या चित्रपटांतल्या बहुतेक बाहुल्या हाताने, केबलने किंवा रेडिओवर चालतात. बाहुली चालवणाऱ्याचे नाव नटाच्या नावासारखे छापावे, निव्वळ आवाज देणाऱ्याचे नको. आणि चित्रपट खोटा वाटला तर ‘फार संगणकी आहे’ एवढ्यावर थांबू नये. पाऊल पडले तिथे माती दबली का, प्राण्याने धरलेल्या दंडावर कापड चुरगळले का, समोरच्याची नजर डोळ्यांवर आहे की कपाळावर, कॅमेरा एखाद्या माणसाला उभे राहता येईल अशा जागी आहे का, हे बघून नेमके कुठे बिघडले ते लिहावे. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पडद्यावर दिसते, त्यासाठी पडद्यामागची माहिती लागत नाही.

आपला,
एक वाचक